अंशाखालचा आकडा

पटकीचा इतिहास सांगताना आपल्याकडे मरीआईपासून आरंभ होतो आणि लसीपाशी शेवट होतो. मधला मोजणीचा भाग सहसा वगळला जातो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली आणि अपूर्णांक शिकलो ते बोनसच्या वाटाघाटींत. त्यामुळे असेल, पण १८५४ सालच्या लंडनच्या साथीची हकीकत वाचताना आमचे लक्ष रोगापेक्षा हिशेबाकडेच अधिक गेले.

हा हिशेब मांडणारा जॉन स्नो यॉर्कमधील एका मजुराचा मुलगा. जन्म १८१३ चा. चौदाव्या वर्षी तो न्यूकॅसलला एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला आणि १८३१-३२ च्या साथीत त्याने किलिंगवर्थच्या कोळसाखाणीतील आजाऱ्यांची सेवा केली. खाणकामगारांत पटकी का माजते, याचे कारण पुढे त्याने आपल्या पुस्तकात दिले : तासन् तास जमिनीखाली काम, शौचाची सोय नाही, हात धुवायला पाणी नाही, आणि शिदोरी खायची ती त्याच हातांनी. त्या काळचे विद्वान दुर्गंधीयुक्त हवेला दोष देत होते. स्नोने बोट ठेवले ते पाण्यावर.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात साथ उसळली. दहा दिवसांत पाचशेवर माणसे दगावली. आता पाचशे हा झाला अंश. त्याने काळीज हलते, पण कारण काही कळत नाही. कारण शोधायचे तर खाली छेद हवा : किती माणसांपैकी हे मेले?

त्याच रस्त्यावर ईली बंधूंचा बंदुकीच्या केपा करण्याचा कारखाना होता. कामगार सुमारे दोनशे. त्यांच्या पिण्यासाठी रस्त्यावरच्या पंपाचे पाणी दोन पिंपांत भरून ठेवीत. त्यांतले अठरा जण आपापल्या घरी जाऊन मेले, म्हणजे शंभरांत नऊ. जवळच पोलंड स्ट्रीटवर अनाथ-गरिबांचे वर्कहाऊस होते. तेथे राहणारे ५३५, मेलेले पाच. शेकडा एकाहूनही कमी. आजूबाजूच्या रस्त्यांप्रमाणे तेथे माणसे मेली असती तर शंभरावर बळी गेले असते, असा हिशेब स्नोने मांडला. त्या संस्थेत स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या दारूभट्टीतले सत्तरावर कामगार तर जवळजवळ सुखरूप राहिले. त्यांना मालकाकडून बिअर मिळे, आणि भट्टीची विहीर निराळी होती. हवा मात्र तिन्ही ठिकाणी एकच!

ईली बंधूंची वृद्ध आई हॅम्पस्टेडला राहायला गेली होती, पण तिला जुन्याच पंपाचे पाणी गोड लागे. रोज गाडीतून तिच्यासाठी बाटली जाई. ३१ ऑगस्टला आलेले पाणी ती प्याली आणि २ सप्टेंबरला वारली. कामगारांच्या पिंपात जे होते तेच मालकांच्या आईच्या बाटलीत होते.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. परंतु तोवर साथ बरीच ओसरली होती, लोक घरे सोडून पळाले होते, हे स्नोनेच लिहून ठेवले आहे. म्हणजे छेदच घटला होता. आपल्या बाजूचा पुरावाही फुगवू नये, ही शिस्त आम्हांला फार भावते.

त्याचे खरे मोठे काम थेम्सच्या दक्षिणेला झाले. तेथे एकाच रस्त्यात दोन कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी शहराच्या वर, थेम्स डिटन येथून घेण्यास सुरुवात केली. साऊथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटर्सीचे गटारमिश्रित पाणीच पाजत राहिली. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत श्रीमंती, धंदा, हवा यांचा फरक नाही. फरक फक्त नळाचा. पुष्कळ भाडेकरूंना आपली कंपनीही माहीत नव्हती. तेव्हा स्नोने पाण्यातले मीठ तपासून ती ओळखली. पहिल्या सात आठवड्यांत साऊथवर्कच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे पहिला आकडा ३१५, दुसरा ३७. म्हणजे साडेआठ पट! एका गटाचा दर दुसऱ्याच्या दराने भागायचा, एवढीच या शास्त्राची मूळ क्रिया. तरीही १८५५ साली आरोग्य मंडळाच्या समितीने स्नोचे म्हणणे फेटाळले.

येथे आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नवे किती आजारी पडले हा एक प्रश्न, आणि आज किती आजारी आहेत हा दुसरा. पटकी चार दिवसांत निकाल लावते, तेव्हा दोहोंत फारसे अंतर पडत नाही. फाउंड्रीतल्या किंवा दगडखाणीतल्या धुळीने होणारा रोग वर्षानुवर्षे माणसाबरोबर चालतो. तेथे हे दोन प्रश्न एकत्र केले की हिशेब बिघडलाच.

आणि स्नोची एक गोष्ट आमच्या गळी सहज उतरत नाही. १८५५ साली त्याने पार्लमेंटच्या समितीपुढे हाडे उकळणाऱ्या वगैरे दुर्गंधीच्या धंद्यांच्या बाजूने साक्ष दिली. पुढच्या वर्षी त्याने लेख लिहून दाखविले की, या धंद्यांतल्या कामगारांचा मृत्यूदर इतरांहून अधिक नाही. वासाने पटकी होत नाही, हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. पण त्या दराचा छेद कोणाचा? ज्यांच्या नावापुढे तो धंदा अजून लिहिला जात होता त्यांचा. १८८५ साली विल्यम ओगल याने इंग्लंडच्या मृत्युनोंदींवर लिहिताना हे नेमके पकडले : अवजड धंद्याला धडधाकटच माणसे लागतात, आणि प्रकृती ढासळली की ती हलक्या कामाकडे वळतात. मग मृत्यू त्या हलक्या कामाच्या खाती पडतो आणि अवजड धंदा निरोगी ठरतो.

आमच्याकडे तर दम लागू लागलेला कंत्राटी कामगार थेट गावी जातो. कारखान्यात आरोग्यतपासणी होते ती त्या दिवशी हजेरीपटावर असलेल्यांची. म्हणून धुळीच्या कारखान्यातला अहवाल हाती आला की आम्ही आधी मागील दहा वर्षांचे हजेरीपट मागतो, त्यातून गळालेली नावे वेगळी काढतो आणि त्यांची गावे विचारत निघतो.