गवतावर पोसलेली मांसाची गुरे (अमेरिकेतील छोटी शेते)

अमेरिकेत मांसासाठी वाढवलेली बहुतेक वासरे सुरुवातीचे काही महिने कुरणातच असतात. फरक पडतो तो पुढे. रूढ पद्धतीत त्यांना फीडलॉटमध्ये, म्हणजे हजारो जनावरांच्या उघड्या आवारांत, नेऊन मक्यावर पोसतात आणि साधारण दीड वर्षाच्या सुमारास ती कत्तलीला जातात. गवतावरच्या पद्धतीत दूध सुटल्यापासून अखेरपर्यंत हिरवा आणि वाळला चारा एवढाच आहार असतो. जनावर तयार व्हायला त्यामुळे २० ते ३० महिने लागतात. हा वाढीव काळ विकतच्या चाऱ्यावर काढणे छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही. नफा हवा असेल, तर त्याने आधी गवताची शेती शिकली पाहिजे.

या शेतीचा पाया फ्रान्समधील नॉर्मंडीचे शेतकरी व जीवरसायनतज्ज्ञ आंद्रे व्वाझँ (१९०३–१९६४) यांनी घातला. चरलेले गवत बुडख्यात साठवलेल्या अन्नावर नवी पाने काढते आणि पाने पुरेशी झाली की झपाट्याने वाढते. त्याआधीच त्याला पुन्हा तोंड लागले, तर मुळे खुरटतात. मोकळी सोडलेली गुरे नेमका हा कोवळा फुटवा पुन्हापुन्हा शोधून खातात आणि जरड गवताला तोंड लावत नाहीत. म्हणून कुरणाचे लहान तुकडे पाडायचे, एका तुकड्यात गुरे थोडेच दिवस ठेवायची आणि मग त्याला पुरती विश्रांती द्यायची. नॉर्मंडीत वसंतात १८ दिवस पुरत, तर उन्हाळ्याच्या अखेरीस ३६ लागत. वेळापत्रक पाहून नव्हे, गवत पाहून गुरे हलवायची असतात. हलक्या, उचलता येणाऱ्या विजेच्या तारेमुळे हे काम एका माणसाच्या आवाक्यात आले. व्हर्जिनियातील पॉलिफेस फार्मचे जोएल सॅलाटिन स्वतःला गवताचा शेतकरी म्हणवतात, ते याच अर्थाने. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची मुभा दिली. कुरणाला उसंत देण्याचे तत्त्व तिथेही आहे. गोवंशहत्येवर बंदी असल्याने महाराष्ट्रात हा मांसाचा व्यवसाय मात्र होऊ शकत नाही.

व्हर्जिनिया, केंटकी, मिसूरी या पट्ट्यात टॉल फेस्क्यू या गवताला ओळखल्यावाचून इलाज नाही. त्याचा केंटकी-३१ हा वाण १९४३ मध्ये प्रसृत झाला. तो दुष्काळाला आणि तुडवणीला दाद देत नाही, कारण त्याच्या आत एक बुरशी नांदते. तीच बुरशी विषही तयार करते. त्याने गुरांच्या रक्तवाहिन्या आकसतात; उन्हाळ्यात ती चरणे सोडून सावलीत किंवा पाण्यात उभी राहतात, वजन वाढत नाही, आणि कडक थंडीत शेपटीचे टोक किंवा खूरही गळू शकतो. क्लोव्हर हा द्विदल चारा मिसळून पेरल्यास विषाचा भार कमी होतो. शिवाय हेच गवत ऑगस्टपासून राखून ठेवले, तर बऱ्याच अंशी हिरवे टिकते आणि हिवाळा वाढतो तसे त्यातले विष उतरते. हे राखीव कुरण सर्वांत मोलाचे, कारण अशा शेतावर खर्चाचा मोठा वाटा हिवाळ्यातील वाळल्या गवताचा असतो.

जमीन फारच थोडी असेल, तर गाई आणि वळू न पाळता वसंतात वासरे घेऊन शरदात विकणे बरे. हिवाळ्याचा चारा पूर्ण वाचतो. जनावर मध्यम बांध्याचे निवडावे. थोराड जातींवर नुसत्या गवताने चरबी धरायला फार काळ लागतो.

५०० किलोच्या जनावरातून सुमारे १८० किलो विक्रीयोग्य मांस निघते. ते सुटे विकायला तपासणी असलेला कत्तलखाना लागतो, आणि असे छोटे कत्तलखाने कमी असल्याने नंबर कित्येक महिने आधी लावावा लागतो. म्हणून अनेक शेतकरी जिवंत जनावराचा अर्धा किंवा चौथा हिस्सा गिऱ्हाइकाला आधीच विकतात. कापणावळ तो भरतो, आणि त्याला मांसाच्या सगळ्या तुकड्यांचा एकच सरासरी भाव पडत असल्याने शेतकऱ्याकडे कमी मागणीचे तुकडे पडून राहत नाहीत. किरकोळ बाजारात शेतकऱ्याला स्पर्धा ऑस्ट्रेलिया व उरुग्वेच्या आयातीची आहे. परदेशात कापलेले मांस अमेरिकेत नुसते प्रक्रिया करून ‘अमेरिकेचे उत्पादन’ म्हणून विकता येत असे. या अन्यायाला आळा घालणारा नियम २०२४ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२६ ही त्याच्या पालनाची मुदत ठरली.