व्हिनेगरची बाटली आणि तिच्यावरील लेबल

चायनीज पदार्थांसोबत मिळणारे मिरच्यांचे पाणी, टोमॅटो सॉस, बाटलीबंद लोणची या सर्वांत आंबटपणा आणणारे एक प्रमुख आम्ल म्हणजे ॲसेटिक आम्ल. वेष्टनावर त्याची ओळख 'आयएनएस २६०' अशी असते. ॲसेटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने मद्यार्काचे रूपांतर या आम्लात करतात. उघडी राहिलेली माडी आंबते ती यामुळेच. गोव्यात माडीपासून असे व्हिनेगर मुद्दाम तयार केले जाते आणि विंदालूची खरी चव त्यातूनच येते.

दुकानातील स्वस्त पांढरे व्हिनेगर बहुधा कारखान्यातील आम्ल पाण्यात मिसळून बनवलेले असते. भारतीय नियमांनुसार दोन्ही प्रकारांत किमान ३.७५ टक्के आम्ल हवे, तसेच कृत्रिम व्हिनेगरवर तसा स्पष्ट उल्लेख हवा. पदार्थ टिकवण्यात ते कमी पडत नाही. उणीव भासते ती स्वादाची.

आम्लाचे अविघटित रेणू सूक्ष्मजीवांच्या पेशीत शिरून त्यांची वाढ रोखतात. मात्र ते धातूवरही क्रिया करते. म्हणून लोणच्याला बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्यावी, तांब्या-पितळेची नव्हे. किटलीतील क्षारांचा थर व्हिनेगरने निघतो. परंतु ते ब्लीचमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

शुद्ध ॲसेटिक आम्ल १६.६ अंश सेल्सिअसला बर्फासारखे गोठते, म्हणून त्याला 'ग्लेशियल' म्हणतात. त्याने त्वचा भाजते, पोटात गेल्यास अन्ननलिका जळते. ते आणून घरीच पाणी घालून व्हिनेगर करण्याची काटकसर जिवावर बेतू शकते.