दुसऱ्याच्या जागेवरचं दुकान : 'सेकंड लाइफ'च्या बाजाराचा इतिहास

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांचा धंदा आज फोनवरच्या कुठल्यातरी ॲपवर चालतो, मग तो साड्यांचा असो, मसाल्यांचा असो की डब्यांचा, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. ही गोष्ट अशा बाजाराची आहे जिथे जमीन, नोटा, कायदा आणि कोर्ट हे सगळं एकाच कंपनीच्या हातात होतं.

२३ जून २००३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब कंपनीनं 'सेकंड लाइफ' नावाचं आभासी जग सुरू केलं. संस्थापक फिलिप रोझडेल. याला गेम म्हणणं बरोबर नाही, कारण यात हारजीत नाही. आपण एक अवतार घ्यायचा (हा आपलाच शब्द तिथेही वापरतात), फिरायचं, घर बांधायचं, वस्तू बनवून विकायच्या. कपडे, केस, बूट, फर्निचर, काहीही. चलन 'लिंडेन डॉलर'. पुढे भाव बऱ्यापैकी स्थिरावला, एका अमेरिकन डॉलरला साधारण २५० ते २७० लिंडेन. कमावलेले लिंडेन विकून खरे डॉलर मिळायचे आणि २००५ पासून त्यासाठी कंपनीनं स्वतःचंच एक्स्चेंज काढलं.

पहिला वाद झाला करावरून. जो जास्त बांधेल त्याला जास्त कर, असा सुरुवातीचा नियम होता. म्हणजे जे लोक हे जग उभं करत होते, भुर्दंड त्यांनाच. त्यांनी २००३ मध्येच बंड केलं. बोस्टनच्या चहाच्या बंडाची आठवण करून देत त्या जगात चहाची खोकी रचून ठेवली! वर्ष संपता संपता कंपनीनं तो कर काढून जमिनीवर मासिक शुल्क लावलं. त्याआधी नोव्हेंबरमध्ये आणखी मोठी घोषणा झाली होती : तुम्ही जे बनवाल त्याचे बौद्धिक हक्क तुमचेच. बाजार खरा उभा राहिला तो या एका वाक्यावर.

आता दुकानदारी कशी चालायची बघा. डिजिटल शर्टाची दुसरी प्रत काढायला खर्च शून्य. म्हणून प्रत्येक वस्तूवर तीन परवानग्या असायच्या : कॉपी करणं, बदल करणं, दुसऱ्याला देणं. कॉपी आणि देणं दोन्ही मोकळं सोडलं, तर आजचं गिऱ्हाईक उद्या तोच माल विकायला बसणार. म्हणून बहुतेक विक्रेते दोन्हींतली एकच परवानगी देत. गिऱ्हाईकालाही हे बघूनच घ्यावं लागे. कॉपी मिळाली तर वस्तू हरवायची भीती नाही, पण मैत्रिणीला भेट देता येणार नाही. देण्याची मुभा असेल तर भेट देता येईल, पण नग एकच. दोघांचाही विश्वास या छोट्या खुणांवर होता.

२००६ हे भरभराटीचं वर्ष. आभासी जमिनीचे व्यवहार करणाऱ्या आयलिन ग्रेफ, म्हणजे तिथल्या 'आन्शे चुंग', मे महिन्यात 'बिझनेसवीक'च्या मुखपृष्ठावर झळकल्या. आपली मालमत्ता दहा लाख डॉलरवर गेल्याचं त्यांनी नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं. मोठमोठे ब्रँड धावत आले. अमेरिकन ॲपरल या कपड्यांच्या कंपनीनं २००६ मध्ये दुकान उघडलं आणि २००७ मध्ये बंदही केलं. गर्दीचे आकडेही फसवे होते. काही दुकानदार नुसतं बसून राहायचे पैसे द्यायचे! खुर्चीवर अवतार बसला की गर्दीचा आकडा वाढायचा आणि शोध घेताना दुकान वर दिसायचं. विक्री मात्र तेवढीच.

त्याच नोव्हेंबरमध्ये 'कॉपीबॉट' आला. परवानगी असो वा नसो, समोरच्याचा माल हुबेहूब उतरवणारं हे सॉफ्टवेअर. विक्रेत्यांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली. कंपनीनं त्याचा वापर नियमबाह्य ठरवला, पण चोर पकडायचा भार बराचसा विक्रेत्यांवरच राहिला. २००७ मध्ये सहा विक्रेते नकली माल विकणाऱ्याविरुद्ध न्यूयॉर्कच्या खऱ्या कोर्टात गेले. तडजोडीत हाती आले ५२५ डॉलर.

मग आलं बँकेचं प्रकरण. 'गिंको फायनान्शियल' नावाची तिथली बँक वर्षाला ४० टक्क्यांहून जास्त व्याज कबूल करत होती. एवढं व्याज येणार कुठून, हे विचारायला कोणी नव्हतं. जुलै २००७ मध्ये कंपनीनं जुगारावर बंदी घातली. पैशाची गरज पडली तशी लोकांची ठेवी काढायला झुंबड उडाली आणि ऑगस्टमध्ये बँक कोसळली. बुडालेली रक्कम सुमारे साडेसात लाख डॉलर. ठेवींच्या बदल्यात रोखे हातात ठेवले गेले, ज्यांना फारशी किंमत नव्हती. २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांचे हाल आपण मुंबईत पाहिले. पण तिथे निदान रिझर्व्ह बँक होती, तुटपुंजा का होईना ठेव विमा होता, मोर्चा न्यायला एक दार होतं. गिंकोच्या ठेवीदाराला यातलं काहीच नव्हतं. खऱ्या सरकारचा परवाना नसेल तर व्याज देणारी बँक चालवायची नाही, हा नियम आला जानेवारी २००८ मध्ये. तोवर पैसे बुडून गेले होते.

गंमत म्हणजे या सगळ्या गोंधळात लिंडेन डॉलरचा भाव फारसा हलला नाही. टांकसाळ कंपनीच्या हातात, किती चलन बाजारात सोडायचं ते तीच ठरवणार. चलन ठणठणीत आणि माणसं बुडालेली, असंही होऊ शकतं.

ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीनं स्वस्त जमिनीचं मासिक शुल्क ७५ वरून १२५ डॉलर करत असल्याचं जाहीर केलं. याच जमिनींवर अनेकांनी भाडेकरू ठेवले होते. ओरड झाल्यावर वाढ टप्प्याटप्प्यानं करायचं ठरलं, पण हिशेब कोलमडायचे ते कोलमडलेच.

तरी बाजार मेला नाही, हे मुद्दाम सांगतो. कंपनीच्या आकड्यांनुसार २००९ मध्ये लोकांमध्ये ५६.७ कोटी डॉलरचे व्यवहार झाले. दहा वर्षांचा एकूण आकडा ३२० कोटी डॉलरचा. ते जग आजही चालू आहे. आपल्या हाताची वस्तू विकणारी आणि विकत घेणारी माणसं टिकली, म्हणून ते टिकलं.

बाजाराची तब्येत उलाढालीच्या आकड्यावरून कळत नाही. नियम कोण बदलतो, किती आधी सांगतो आणि चुकीचं झालं तर दाद कुठे मागायची, यावरून कळते. २००३ मध्ये लोक एकत्र बोलले म्हणून कर गेला. २००८ मध्ये बोलले म्हणून निदान सवलत मिळाली. एकेकट्या दुकानदाराला हे जमलं नसतं.

आज आपल्या गावातली ताई ज्या ॲपवर लोणची विकते, तिथे तिचं खातं उद्या बंद पडलं तर तिच्या गिऱ्हाइकांचे नंबर तिच्या वहीत आहेत का? नसतील तर आजच लिहून ठेवायला सांगा. आणि तुमचा अनुभव काय, तो कमेंटमध्ये जरूर लिहा.