दीडशे डॉलरची ट्राम

आमचे आजोबा गिरगावातले. मुंबईच्या ट्रामचा विषय निघाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "अरे, एका आण्यात फिरलोय आम्ही!" ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा रस्त्यावरच्या त्या गर्दीत तेही होते. १८७४ साली घोड्यांनी सुरू केलेली आणि १९०७ पासून विजेवर धावलेली गोष्ट त्या रात्री संपली.

हे सगळं मला आठवलं ते मुंबईपासून हजारो मैलांवर, मेन राज्यातल्या केनेबंकपोर्ट गावाबाहेरच्या रानात. बोस्टनहून गाडीने साधारण दीड तास. इथे 'सीशोर ट्रॉली म्युझियम' आहे. (अमेरिकेत ट्रामला ट्रॉली म्हणतात.) मी तिथला वर्गणीदार सभासद. उन्हाळ्यात जमेल त्या शनिवारी जायचं आणि सांगतील ते काम करायचं, म्हणजे गंज खरवडायचा, नाहीतर कुजलेले स्लीपर बदलायचे. ऑफिसात दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या इंजिनियरला हातात पहार दिली की काय होतं, हे माझ्या पाठीला विचारा!

या संस्थेची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९३९ साली शेजारच्या बिडफर्ड आणि सॅको गावांतली ट्राम बंद होऊन बस येणार होती. ट्रामचं वेड असलेल्या काही तरुणांनी तिथली ३१ नंबरची गाडी चक्क विकत घेतली, १५० डॉलरला! ही १९०० साली बांधलेली, बाजूंना भिंती नसलेली, उन्हाळ्यात हवा खात जायची ट्राम. घेतली खरी, पण चालवणार कुठे? कित्येक वर्षं ती नुसती जपून ठेवली. मग हळूहळू रूळ आले, डोक्यावर वीजतार आली, दुसऱ्या गावांच्या गाड्या आल्या. आज इथे दोनशेहून जास्त गाड्या आहेत. ३१ नंबर अजून आहे.

म्हणजे अमेरिकन लोक इतिहास जपण्यात फार शहाणे, असं समजू नका. आपल्यासारखंच इथेही गावोगावच्या ट्राम भंगारात गेल्या. न्यूयॉर्कचं भव्य पेन स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतलं. लोक हळहळले, मग १९६५ साली जुन्या वास्तू वाचवणारा कायदा शहराने केला आणि त्याच कायद्याच्या जोरावर १९७८ साली ग्रँड सेंट्रल स्टेशन सर्वोच्च न्यायालयात वाचलं. फरक एवढाच, की हळहळणाऱ्यांनी संस्था काढल्या. रेल्वेच्या इतिहासाची इथली सर्वांत जुनी संस्था १९२१ सालची आहे. वर्गणी, पावतीपुस्तक, वार्षिक सभा, सभेत भांडणं... आपल्या गणेशोत्सव मंडळासारखंच सगळं!

एकदा जेवणाच्या सुट्टीत ऐंशीच्या घरातल्या एका सभासदाने मला विचारलं, "तुमच्या मुंबईतही ट्राम होत्या ना? त्यातली एखादी चालती ठेवलीत की नाही?"

मी सँडविच चावत राहिलो. एकही चालती ठेवली नाही, हे सांगायला जीभ रेटेना. त्या रात्री आजोबांसकट एवढे लोक निरोप द्यायला आले होते, पण एक डबा आपण मागून घ्यावा, असं कुणाच्या मनात आलं नसेल का? आलं असेलही. मागायला जाणार कोण आणि ठेवणार कुठे, इथेच घोडं अडलं असेल. तो प्रश्न केनेबंकपोर्टच्या पोरांपुढेही होताच. त्यांनी आधी गाडी घेतली आणि जागेचं नंतर बघितलं.

ट्राम गेली ती गेली. पण माथेरानची १९०७ सालची छोटी गाडी अजून आहे. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला गेली काही वर्षं बंद पडून आहे आणि तिच्यासाठी तिथली माणसं झगडताहेत. पुढच्या सुट्टीत भारतात आलो की आधी मूर्तिजापूरला जायचं म्हणतोय. स्लीपर बदलता येतात मला आता.