दगडू, उकिरडा आणि नकोशी

गेल्या आठवड्यात माझ्या भावाच्या नातीचा फोन आला. पंधरा दिवसांपूर्वी तिला मुलगा झाला. बारशासाठी नाव शोधणं चालू आहे. "आत्याआजी, तू मराठीची बाई. एखादं छानसं जुनं नाव सुचव ना, अर्थ चांगला असलेलं. फक्त धोंडू-दगडू नको हं!" असं म्हणून ती खळखळून हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण तिच्या पणजोबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव दगडू होतं.

तिला हे ठाऊक नाही, आणि त्यात तिची काहीच चूक नाही. घरातल्या फोटोखाली, सातबाऱ्यावर, पेन्शनच्या कागदांवर सगळीकडे 'दत्तात्रय' आहे. पण ते नाव त्यांना सहाव्या-सातव्या वर्षी मिळालं. त्याआधी ते दगडू होते, आणि आजीच्या तोंडी तर शेवटपर्यंत दगडूच.

आजीची पहिली तीन मुलं गेली. एक देवीत गेलं आणि दोन १९१८ सालच्या मानमोडीच्या साथीत, आठ दिवसांच्या अंतरानं. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीनं तेव्हाच्या मुंबई इलाख्यात किती घरं रिकामी केली याची वर्णनं पुष्कळ आहेत, पण मला ती साथ कळली ती आजीच्या दोन बोटांवरून. मुलं मोजताना ती दोन बोटं दुमडून घ्यायची आणि पुढं बोलायची नाही. वडील १९२० साली जन्मले. नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. मी लहानपणी विचारलं होतं, "आजी, दगडू का गं?" तर म्हणाली, "दगडाला कोन उचलून नेतंय?"

एवढंच. नामकरणावर यापेक्षा चांगलं व्याख्यान मी नंतर बी.ए.ला असतानाही ऐकलं नाही.

आपल्याकडे अशा नावांची एक मोठी पंगतच आहे. धोंडू, दगडू, कचरू, केरबा, भिकू, उकिरडा. यातलं प्रत्येक नाव हा एक छोटासा विधी असे. मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या कुणीतरी उचलून आणायचं, की झालं उकिरडा. पाच घरची भीक मागून त्या धान्यावर वाढवायचं, की झालं भिकू. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणजे ही मुलगी आहे असं वाटून मृत्यू पुढं जाईल, की झालं नथू. (हे शेवटचं नीट वाचा. मुलगी म्हटली की मृत्यूलाही रस नाही, असं आपल्याच लोकांनी गृहीत धरलं होतं! त्याकडे पुढं येतेच.)

शाळेतून निवृत्त झाल्यावर हा विषय मी जमेल तसा वाचत गेले, आणि आजी एकटी नव्हती हे कळलं. बंगालमध्ये मूल सुईणीला किंवा शेजारणीला देऊन टाकायचे आणि कवड्या मोजून परत विकत घ्यायचे. म्हणून तिकडे एककोडी, तिनकोडी, पाचकोडी अशी नावं. मंगोलियात आजही नेरगुई नावाची माणसं भेटतात. अर्थ काय, तर 'नाव नाही'. एनेबिश म्हणजे 'हा तो नव्हे', हुनबिश म्हणजे 'माणूस नाही'. यमदूत दारात यावा आणि घरच्यांनी सांगावं, इथं तसं कुणी राहत नाही हो! चीनमध्ये ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात सिमा श्यांगरू नावाचा दरबारी कवी होऊन गेला. त्याला आईबाप 'कुत्र्याचं पिल्लू' म्हणत, अशी नोंद तिथल्या जुन्या इतिहासग्रंथात आहे. मोठेपणी त्यानं स्वतःच भारदस्त नाव घेतलं. तिथल्या खेड्यांत 'कुत्र्यानं टाकलेलं' अशा अर्थाची लाडाची नावं अगदी परवापरवापर्यंत होती.

जपानची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. तोयोतोमी हिदेयोशी म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस सगळा जपान एका छत्राखाली आणणारा माणूस. त्याला उतारवयात, १५८९ साली, मुलगा झाला. त्याचं बाळपणीचं नाव ठेवलं 'सुते', म्हणजे टाकलेला. टाकून दिलेलं मूल जगतं अशी समजूत. पण १५९१ मध्ये ते मूल गेलं. १५९३ साली दुसरा झाला, त्याचं नाव 'हिरोई', म्हणजे सापडलेला, उचललेला. सत्ता, सैन्य, किल्ले सगळं असलेला माणूस आणि माझी सातारा जिल्ह्यातली निरक्षर आजी, दोघांची पाळण्यापाशी एकच युक्ती! हा हिरोई जगला, पण १६१५ साली ओसाकाच्या किल्ल्याच्या वेढ्यात त्याचाही अंत झाला.

रोमन अंमलाखालच्या इजिप्तमधल्या ग्रीक कागदपत्रांत 'कोप्रिया' आणि तशीच इतर नावं सापडतात. मूळ शब्दाचा अर्थ शेण, उकिरडा. ही मुलं खरोखरच उकिरड्यावरून उचललेली होती की दृष्ट लागू नये म्हणून नाव तसं ठेवलं, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मला वाटतं आजीला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात वाद मिटवला असता. असो.

पण सगळीच ओबडधोबड नावं मायेनं आलेली नाहीत. ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा ठरेल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी असावीत हे सांगितलं आहे. ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं 'जुगुप्सित', म्हणजे किळस यावी असं. तेव्हा एखाद्या कचरूच्या मागं आईची भीती उभी आहे की गावाची सक्ती, हे नुसत्या नावावरून ओळखता येत नाही. कित्येकदा दोन्ही असणार. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हा मी नोकरीला लागून चारपाच वर्षं झाली होती. त्यात दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो. दोघं एकच. ते वाचताना मला पहिल्यांदा कळलं की एकच नाव दोन घरांत किती वेगळं लागतं. आमच्या घरी 'दगडू' ही आजीची ढाल होती. दुसऱ्या घरात ते नाव अंगावर फेकलेला दगडही असू शकत होतं. उलट महर्षी कर्वे पाहा. धोंडो केशव हे नाव त्यांनी कधी लपवलं नाही. १८५८ चा जन्म, शंभराव्या वर्षी भारतरत्न, १९६२ साली गेले ते १०४ वर्षांचे होऊन. धोंड्याला कोण नेतंय!

आता मुलींकडे येते. मुलीचं वाईट नाव यमासाठी नसे, ते देवाला दिलेलं निवेदन असे. पुरे झाल्या. आमच्या भागात नकोशी, नकुसा. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. तमिळनाडूत वेंडाम, म्हणजे नको. तुर्कस्तानात येतेर, म्हणजे पुरे. चीनमध्ये चाओदी, धाकट्या भावाला बोलावून आणणारी. भाषा बदलतात, अर्ज तोच.

१९८७ साली दहावीच्या वर्गात माझ्या पटावर एक नकुसा होती. रोज हजेरी घेताना मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसायचंच. बोर्डाचे फॉर्म भरायच्या आधी मी तिला एकटीला बोलावलं. म्हटलं, "एकदा सर्टिफिकेटावर नाव आलं की बदलणं अवघड गं. मी तुझ्या वडिलांशी बोलते, आत्ताच बदलून घेऊ." मला वाटलं होतं, पोरगी हरखेल. ती घाबरली. म्हणाली, "नको बाई. माज्या नावामुळंच भाऊ झालाय. नाव काढलं आन त्याला काय झालं म्हंजे?"

यावर काय बोलायचं हे कुठल्या बी.एड.ला शिकवतात? मी गप्प बसले. तिचा फॉर्म मीच भरला, माझ्या अक्षरात, नकुसा. तालुक्याच्या शाळेत माझ्या वडिलांना घालायला आणलं तेव्हा तिथल्या मास्तरांनी "दगडू? छे, दत्तात्रय लिहू" म्हणून एका फटक्यात नाव बदललं होतं. घरच्यांना विचारलंही नव्हतं. त्यांनी केलं ते योग्य की मी केलं ते, हे मला आजही सांगता येत नाही. पण माझ्या शाईनं लिहिलेलं ते नाव अधूनमधून डोळ्यांपुढं येतं.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. कुणी वैशाली झाली, कुणी ऐश्वर्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. म्हणजे नावं बदलत होती तेव्हा नाव ठेवण्यापर्यंतही न पोचलेल्या मुली वाढत होत्या.

दगडू-धोंडू मात्र समारंभाविना गेले. त्यांना घालवलं लशींनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशेहून जास्त वर्षाच्या आत जात. आता हा आकडा तिसाच्या खाली आहे. देवीचा तर १९७५ नंतर देशात रुग्णच नाही. आया निर्धास्त झाल्या, आणि मुलांना आरव, विहान म्हणायची हिंमत आली.

काल मी भावाच्या नातीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्याआजी, पणजोबांना दगडू म्हणून हाक मारणारं शेवटचं कोण होतं?" म्हटलं, "आजीच. १९६८ साली ती गेली."

बारसं येत्या रविवारी आहे. नाव अजून ठरलेलं नाही. तुमच्या घरात असं एखादं पुसलेलं नाव असेल, तर म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा, आणि मलाही जरूर कळवा.