न्यायमूर्तींच्या घरातली शाळा

निफाड म्हटले की आज आपल्याला द्राक्षांचे मळे आठवतात. तालुक्यातल्या लासलगावचा कांदा आठवतो. थंडीचा कडाका वाढला की निफाडचा पारा किती उतरला ही बातमी आपण सकाळी आवर्जून वाचतो. याच निफाडमध्ये १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. पहिल्या पदवीधरांपैकी एक, पुण्याच्या सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ, सामाजिक परिषदेचे प्रवर्तक, अर्थशास्त्राचे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक, मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती अशी त्यांची ओळख आपण शाळेत पाठ केलेली असते. आज मात्र आपण त्यांच्या घरात जाऊ. मोठ्या माणसांचे विचार सभेत कळतात, पण ते विचार त्यांना पेलवले किती, हे पाहायचे तर माजघरातच डोकवावे लागते.

सुदैवाने या घराचा दरवाजा आपल्यासाठी उघडा आहे. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिले. ते १९१० साली प्रसिद्ध झाले. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही अशी त्या काळची रीत, म्हणून रमाबाई त्यांच्याबद्दल लिहिताना 'स्वतः' असा शब्द वापरतात. या एका शब्दातच त्या घरातला जुना धाक आणि आदर दोन्ही दिसतात. पण हाच धाक बाळगणारी बाई घरातले रुसवेफुगवे, टोमणे आणि स्वतःचे रडणे किती मोकळेपणाने लिहिते, याचे वाचताना नवल वाटते.

न्यायमूर्तींच्या बालपणाची एक आठवण निफाडशी जोडलेली आहे. वडील गोविंदराव नोकरीनिमित्त कोल्हापूरला गेले, तेव्हा निफाडहून कोल्हापूरपर्यंतचा प्रवास बैलगाडीने होता. आगगाडी आपल्याकडे यायला अजून काही वर्षे अवकाश होता. महादेव तेव्हा अडीचेक वर्षांचा. रात्रीची वेळ, गाडीतल्या सगळ्यांचा डोळा लागलेला. एका हिसक्यासरशी मूल गाडीतून खाली पडले आणि गाडी पुढे निघून गेली. मागून घोड्यावर काका येत होते. टापांचा आवाज ऐकून मुलानेच त्यांना हाक मारली आणि आपण पडल्याचे सांगितले. काकांनी उचलून घेतले म्हणून मूल वाचले. पुढे देशभर ज्याचे नाव झाले, तो मुलगा त्या रात्री अंधाऱ्या रस्त्यावर एकटा बसला होता. त्या काळी कित्येक घरांत अशी एखादी गोष्ट असेच, आणि ती नातवंडांना दर वर्षी नव्याने सांगितली जाई.

हा मुलगा अबोल होता. इतका की आई गोपिकाबाईंना त्याची काळजी वाटे. कोल्हापूरच्या घरातली दुसरी एक गोष्ट आहे. खेळायला कोणी नव्हते म्हणून महादेव घरातल्या खांबाबरोबर सोंगट्या खेळायला बसला. उजव्या हाताने खांबाचे फासे टाकायचे, डाव्या हाताने स्वतःचे. खांब जिंकला. बायका हसल्या, खांबाकडून हरलास म्हणून चिडवू लागल्या. मुलगा शांतपणे म्हणाला, खांबाचा हात उजवा होता, त्याला सवय होती, माझा डावा होता. कोणी बघत नसतानाही त्याला आपल्या बाजूने फासे फिरवता आले असते. ते त्याला सुचलेच नाही. पुढे न्यायाच्या आसनावर बसणाऱ्या माणसाची ही गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. पण घरात लहान मुले असणाऱ्यांना तिचा दुसराही अर्थ लागेल. मुले खेळता खेळता काय शिकतात, हे मोठ्यांच्या लक्षातही येत नाही.

आता थोडे अवघड प्रकरण. रानडे तरुणपणापासून विधवाविवाहाच्या चळवळीत होते. विष्णुशास्त्री पंडितांच्या बरोबरीने त्यांनी या प्रश्नावर वाद घातले, लिहिले. १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. आता हे विधवेशी लग्न करणार अशी मित्रांची अपेक्षा आणि तीच वडिलांची धास्ती. गोविंदरावांनी घाईने स्थळ पाहिले. मुलाने नकार दिला, मुदत मागितली, वडील हटून बसले. शेवटी मुलगा वडिलांपुढे नमला. डिसेंबर १८७३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची यमुना रानड्यांच्या घरी रमाबाई होऊन आली. यजमान बत्तिशीला टेकलेले. (हे देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे, आणि यशवंतराव चव्हाण यांचेही ते जन्मगाव.)

बोलतो एक आणि करतो एक, अशी टीका रानड्यांवर तेव्हा झाली आणि आजही होते. ती खोटी नाही. सभेत शास्त्र्यांना उत्तरे देणाऱ्या या विद्वानाला घरात वडिलांना 'नाही' म्हणता आले नाही. त्यात भर म्हणजे त्यांची सख्खी बहीण दुर्गा तरुणपणीच विधवा झालेली, आणि तिचे सारे आयुष्य जुन्या रीतीनेच गेले. चळवळीचा नेता आणि त्याची विधवा बहीण एकाच घरात, एकाच छपराखाली राहत होती. ही ठसठस त्या घरात कायम असणार.

पण गोष्ट इथे संपत नाही. लग्नाच्या दिवशीच त्यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलीला विचारले, तुला लिहिता-वाचता येते का? तिला येत नव्हते. मुलगी शिकली तर तिच्या कपाळी वैधव्य येते, असा समज त्या काळी घरोघरी होता. मग पाटी आली, पेन्सिल आली आणि मुळाक्षरांपासून धडे सुरू झाले. दिवसा न्यायाधीश कचेरीत, रात्री शिक्षक घरात. पुढे फीमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या शिक्षिकाही शिकवायला येऊ लागल्या. वडिलांपुढे हरलेल्या माणसाने आपली सुधारणा त्या पाटीवर पुन्हा सुरू केली, असे म्हणता येईल.

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. जन्मगाव निफाड याच जिल्ह्यातले. नाशिकचे दिवस रमाबाईंना सुखाचे गेले, कारण इथे घरात वडीलधाऱ्या बायकांचा पहारा नव्हता. घरखर्च आणि त्याचा जमाखर्च लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. लोकहितवादी गोपाळराव देशमुख तेव्हा नाशिकलाच न्यायाधीश होते. त्यांच्या घरच्या मंडळींबरोबर रमाबाईंनी हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना एकत्र आणायला सुरुवात केली. सुधारणेसाठी नवी पद्धत शोधत बसण्यापेक्षा जुन्या हळदीकुंकवाचाच उपयोग त्यांनी केला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. घराबाहेर पडायला बाईला एखादे मान्य कारण लागे, ते यातून मिळाले.

नाशिकच्या मुलींच्या शाळेचा बक्षीस समारंभ झाला, तेव्हाची एक गंमत आहे. पाहुण्यांना हार घालायचे काम रमाबाईंकडे होते. त्यांनी बायकांना हार घातले. पण एका इंग्रज अधिकाऱ्यालाही हार घाला अशी खूण झाली, तेव्हा त्या रागाने सरळ जागेवर जाऊन बसल्या. परपुरुषाच्या गळ्यात हार कसा घालायचा? शेवटी लोकहितवादींनी उठून तो हार घातला आणि वेळ निभावली. घरी आल्यावर या प्रसंगावर थट्टा झाली, पण चूक कोणाची ठरवली गेली नाही. सभेच्या रीती आणि घरच्या रीती यांच्यामध्ये सोळा वर्षांची एक मुलगी उभी होती. तिने जे केले ते तिच्या बुद्धीला पटले म्हणून केले.

पुण्याच्या घरातले दिवस मात्र कठीण होते. गोविंदरावांच्या निधनानंतर सावत्र आई, भावंडे, नातलग बायका असा मोठा खटला न्यायमूर्तींवर होता. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला, आणि रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या, इंग्रजी शिकू लागल्या. घरात टोमण्यांना ऊत आला. १८८४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्गसन यांच्यापुढे मुलींच्या हायस्कूलच्या मागणीचा अर्ज रमाबाईंनी इंग्रजीत वाचून दाखवला. त्याच साली पुण्यात ती शाळा निघाली. आज आपण तिला हुजूरपागा म्हणून ओळखतो. बाहेर टाळ्या आणि घरी आल्यावर कडू बोल. दोन्ही एकाच दिवशी.

या कडू बोलणाऱ्या बायकांना आपण सहज खलनायिका करून टाकतो. तसे करू नये. ज्यांना आयुष्यभर वाचू दिले नाही, ज्यांनी वैधव्याचे सगळे नियम निमूटपणे पाळले, त्यांच्या डोळ्यांदेखत घरातली धाकटी सून पुस्तक उघडून बसते. आपण जे सोसले ते उगाचच होते की काय, हा प्रश्न त्यांना पडल्याशिवाय कसा राहील? या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी दिले नाही. न्यायमूर्ती वडीलधाऱ्यांना उलट बोलत नसत आणि पत्नीचे शिक्षणही थांबवत नसत. घरात शांतता राही, पण तिची किंमत रमाबाई चुकवत. स्वतः न्यायमूर्तींना राग आला तर ते आवाज चढवत नसत, बोलणे थांबवत. ओरडण्यापेक्षा अबोला बरा असे पुष्कळांना वाटते. ज्याच्या वाट्याला अबोला येतो त्याला विचारून पाहावे.

या घरातले धडे सगळेच असे जड नव्हते. १८८६ मध्ये सरकारच्या फायनान्स कमिटीचे सभासद म्हणून रानडे कलकत्त्याच्या बाजूला होते. तिथे त्यांनी बंगालीची पुस्तके आणली आणि पत्नीलाही ती भाषा शिकवायला घेतली. एकदा न्हावी दाढी करत होता आणि न्यायमूर्ती मोठ्याने बंगाली वाचत होते. उच्चार चुकला की न्हावी सुधारत होता. हा गुरू पाहून रमाबाईंना हसू आवरेना. पण दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले हे आपण कथेत ऐकतो, ते पाळताना मात्र समोरच्याचा धंदा आणि पगार पाहतो. इथे साहेब न्हाव्याकडून शिकत होते आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता.

तशीच आंब्याची गोष्ट. उत्तम आंबे आले, रमाबाईंनी चिरून फोडी पुढे ठेवल्या. न्यायमूर्तींनी एक-दोन फोडी खाल्ल्या, तारीफ केली आणि थांबले. गोड आहेत तर आणखी का नाही, असे रमाबाईंनी विचारल्यावर त्यांनी विद्यार्थिदशेतली आठवण सांगितली. मुंबईत ते राहत त्या चाळीत एक बाई होत्या. पूर्वी सुस्थितीत, रोज चारी ठाव जेवण. पुढे दिवस फिरले आणि साधी भाजी मिळेना. त्या बाई स्वतःच्या जिभेलाच बोल लावत, हिला नको ती सवय लावून ठेवली म्हणून. ते शब्द त्या विद्यार्थ्याने कधीतरी ऐकले आणि पुढे हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाल्यावरही ते त्याच्या लक्षात होते. शेजारच्या खोलीतून ऐकू आलेले एक वाक्य माणसाला जन्मभर पुरते, असे कधीकधी होते.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. पाटीवर मुळाक्षरे गिरवलेली ती मुलगी आता स्वतः विधवा होती. त्या काळी अशा बाईला घराच्या एका कोपऱ्यात जागा मिळे. रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले. प्रौढ बायका आणि विधवा तिथे शिकू लागल्या, परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांनाही रमाबाई भेटायला जात. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ साली त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघाले, आणि २०१२ मध्ये 'उंच माझा झोका' या मालिकेमुळे रमाबाई पुन्हा घराघरांत पोचल्या.

न्यायमूर्ती रानडे यांना वडिलांपुढे जे जमले नाही, आपल्या बहिणीसाठी जे करता आले नाही, त्याचा थोडा भाग रमाबाईंनी इतर कित्येक बायकांसाठी केला. तो एका रात्रीत झाला नाही. पाटीवरचे अक्षर, घरखर्चाची वही, हळदीकुंकू, इंग्रजी अर्ज, आणि दर वेळी घरातल्या कोणाचा तरी टोमणा, असा तो प्रवास आहे. सुधारणा सभेत बोलून दाखवणे त्या मानाने सोपे असते. घरात ती रोज थोडी थोडी, समोरच्याला बरोबर घेऊन करावी लागते, आणि ओझे एकट्या धाकट्या सुनेवर पडत नाही ना, हेही पाहावे लागते. रानड्यांच्या घराने पहिली गोष्ट साधली, दुसरी पूर्णपणे साधली नाही.

हे सगळे आपल्याला कळते, कारण त्या घरातल्या एका बाईला लिहिता येत होते आणि तिने ते लिहून ठेवले. आपल्या घरातही आजी असतील, मोठ्या काकू असतील. त्यांच्याही आयुष्यात बैलगाडी, पाटी, टोमणे आणि आंब्याच्या फोडी आहेत. एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून विचारावे, आणि जमले तर वहीत उतरवून ठेवावे.