दहा हजार पावलं आणि एक सुकेळं

मंडळी, आज वीकांताचा लेख थोडा लांबला आहे. चहा घेऊन बसा. (माझा बिनसाखरेचा.)

कोडमध्ये कुठेतरी मधेच ७२०० किंवा ०.८५ असा आकडा लिहिलेला सापडतो. तो कुठून आला, का आला, कोणासाठी आला, काही कळत नाही. शेजारी कमेंट नसते. याला आम्ही 'मॅजिक नंबर' म्हणतो. असा आकडा दिसला की पहिलं काम म्हणजे व्हर्जन कंट्रोलमध्ये जाऊन ही ओळ कोणी आणि केव्हा लिहिली ते बघायचं. बहुतेक वेळा लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि ज्या मशीनसाठी तो आकडा लिहिला ते मशीनही भंगारात गेलेलं असतं. आकडा मात्र चालूच.

गेली तीन वर्षं मला मधुमेह आहे. वय ३७. उजव्या गुडघ्याची कूर्चा झिजलेली, त्यामुळे पळणं बंद. या तीन वर्षांत मला भरपूर मॅजिक नंबर मिळाले. रोज दहा हजार पावलं चाला. बीएमआय पंचवीसच्या खाली ठेवा. गोड शून्य. सगळ्यांना हेच आकडे, मला पण हेच. मग काही शनिवार मी या ओळी कोणी लिहिल्या ते शोधत बसलो. जे सापडलं ते असं.

सर्वात जुनी ओळ आपल्याकडचीच आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक जन्मजात आणि एक चुकीच्या आहाराने होणारा. पहिला रोगी कृश, दुसरा स्थूल. इन्सुलिन हा शब्द जन्मायच्या कितीतरी शतकं आधी हे निरीक्षण केलं गेलं! उपचारात व्यायाम आहेच. ज्याला परवडेल त्याने कुस्ती खेळावी, घोड्याहत्तीवर बसावं, रथ हाकावा. गरिबाने पायात काही न घालता, छत्री न घेता, भिक्षा मागून खात शंभर योजनं चालावं. नाहीतर विहीर खणावी. योजन म्हणजे नेमकं किती यावर वाद आहेत, पण बारा किलोमीटर धरलं तरी बाराशे किलोमीटर झाले. म्हणजे वसई रोडहून चर्चगेटला अकरा-बारा वेळा चालत जाऊन यायचं. दहा हजार पावलं परवडली म्हणायची :)

पण गंमत बाजूला ठेवा. सुश्रुताने रोग्याकडे बघून आकडा लिहिला. श्रीमंताला वेगळा, गरिबाला वेगळा. पुढे हे बघणंच हळूहळू कमी होत गेलं.

आता थेट विसाव्या शतकात येऊ. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक अॅलन नावाचे डॉक्टर होते. १९१४-१५ च्या सुमारास त्यांनी मधुमेहावर 'उपासमारीचा उपचार' सुरू केला. लघवीतली साखर जाईपर्यंत उपाशी ठेवायचं आणि मग जेमतेम जगण्यापुरतं खायला द्यायचं. क्रूर वाटतं, पण तेव्हा दुसरं काही नव्हतंच. लहान मुलांना या उपचाराने काही महिने, क्वचित काही वर्षं जास्त मिळायची. अॅलन यांच्या नोंदींत एक बारा वर्षांचा मुलगा आहे. मधुमेहाने त्याची दृष्टी गेली होती. त्याला खोलीत एकटं ठेवलं होतं, तरी लघवीत साखर येतच राहिली. सगळे म्हणाले, हा कुठून खातोय? शेवटी कळलं. पोरगं टूथपेस्ट खात होतं आणि त्याने हट्टाने मागून घेतलेल्या कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणे खात होतं.

हे वाचलं आणि मला बाबा आठवले.

बाबांना मधुमेह झाला तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. घरात गोड बंद झालं. मग बाबा संध्याकाळी स्टेशनवरून येताना दहा मिनिटं उशिरा यायला लागले. ते जिलबी खाऊन, रुमालाने हात पुसून येत. आईला कळायचं, पण बोलायची नाही. त्यांचे डॉक्टर मात्र दर वेळी सगळ्यांसमोर म्हणायचे, "तुम्हाला इच्छाशक्तीच नाही." बाबा मान खाली घालून ऐकायचे. पुढे पुढे त्यांनी तपासणीला जाणंच टाळायला सुरुवात केली. २०१४ मध्ये डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. जिलबीने जेवढं नुकसान केलं, तेवढंच त्या मान खाली घालण्याने केलं असं मला वाटतं. लाज वाटणारा माणूस रिपोर्ट दाखवत नाही, आणि न दाखवलेला रिपोर्ट सर्वात धोकादायक.

अॅलन यांच्या रोग्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याच ऑगस्टमध्ये अॅलन यांची एक रोगी, एलिझाबेथ ह्यूज, बँटिंग यांच्याकडे टोरांटोला पोचली. वय १४ आणि वजन २० किलोच्या आसपास. इन्सुलिन सुरू झाल्यावर तिने आईला लिहिलेली पत्रं खाण्याच्या वर्णनांनी भरलेली आहेत. ही मुलगी १९८१ पर्यंत जगली. लग्न, मुलं, सगळं झालं. इच्छाशक्ती तिच्याकडे आधीपासून होतीच, तिच्याइतकं काटेकोर पथ्य कोणी पाळलं नसेल. पण तिला वाचवलं इन्सुलिनने.

भूक ही चारित्र्याची परीक्षा नाही, हे विज्ञानाने नंतर नीट सिद्धही केलं. १९९४ मध्ये लेप्टिन आणि १९९९ मध्ये घ्रेलिन सापडलं. एक पोट भरल्याचं, चरबीच्या साठ्याचं सांगतं, दुसरं भूक लागल्याचं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वजन घटवलेल्या लोकांना वर्षभराने तपासलं, तर भूक वाढवणारी हार्मोन्स तेव्हाही चढलेलीच होती. म्हणजे डाएट संपलं तरी बॅकग्राउंडला प्रोसेस चालूच!

आता सुकेळ्याकडे. आमच्या वसईची सुकेळी ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी: राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात कित्येक दिवस वाळवायची आणि केळीच्या सोपटात बांधायची. आगाशीकडची खास. केळ्यात साधारण पाऊण हिस्सा पाणी असतं. वाळवल्यावर पाणी उडतं आणि साखर तिथेच राहते. गणित सोपं आहे, हे मधुमेह्याचं खाणं नव्हे. तरी माझे आजोबा आयुष्यभर सुकेळी खात आले आणि ८१ व्या वर्षी गेले, साखरेचा त्रास न होता.

यावर कोणी लगेच म्हणेल, "बघा, आपलं पारंपरिक अन्न!" थांबा. आजोबांची वाडी होती. दिवसभर बावखलाचं पाणी, केळीचे घड, डोक्यावर ओझी, अनवाणी चालणं. सुश्रुताचा दुसरा पर्याय (विहीर खणा) ते पोटासाठीच करत होते. शिवाय सुकेळं ही चैन होती, पावसाळ्यासाठी राखलेली. रोज रात्री टीव्हीसमोर खायची वस्तू नव्हती. मग आमच्याकडे काय बदललं? विरारहून मुंबईला रोजची गाडी १८६७ मध्येच सुरू झाली होती, पण वाड्या तशाच राहिल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथली जमीन बांधकामासाठी खुली झाली. त्याविरुद्ध हरित वसईचं आंदोलन झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात पुढे होते. तरी इमारती आल्याच. २००९ मध्ये नवघर-माणिकपूर नगरपालिका वसई-विरार महापालिकेत विलीन झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. आजोबा वाडीत, बाबा लोकलमध्ये, मी खुर्चीत. निदानाचं वय: आजोबा नाही, बाबा ४६, मी ३४. तीन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मान्य, पण ट्रेंड लाइन मला आवडली नाही.

खुर्चीचा धोकाही १९५३ मध्येच छापून आला होता. लंडनला जेरी मॉरिस यांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. नंतर १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाच्या पँटींची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या कमरा जास्त निघाल्या. म्हणजे व्यायाम बाजूला ठेवा, नोकरीतच जिना होता की नाही हा प्रश्न.

मग दहा हजार कुठून आले? जपानमधून. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केइ', म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. नाव खपायला सोपं. कोणत्याही मधुमेह्याच्या रक्तावर मोजून काढलेला आकडा नव्हता तो. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांची पावलं मोजली. रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० वाल्यांपेक्षा ४१ टक्के कमी, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा सपाट. अर्थात त्या वयस्क स्त्रिया होत्या, माझ्यासाठी हा आकडाही जसाच्या तसा उचलायचा नाही. पण 'दहा हजार नाही तर काहीच नाही' हे भूत यातून उतरलं.

बीएमआयचा पंचवीस हा आकडा तर पुण्यानेच हलवला. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला फरक दिसतच नाही. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या टीमने गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ ८०० ग्रॅमने हलकी होती, पण चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमी पडले ते स्नायू. म्हणजे बारीक दिसणारं पण आतून चरबीचं शरीर आपण जन्मापासूनच घेऊन येतो. २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी एकमताने आपल्यासाठी जादा वजनाची सीमा २३ वर आणली. कमरेची पुरुषांसाठी ९० सेंमी, बायकांसाठी ८०.

आणि आता मला सर्वात आवडलेली ओळ, चेन्नईची. अमेरिकेत २००२ मध्ये मोठा प्रयोग झाला होता: वजन ७ टक्के घटवा, आठवड्याला १५० मिनिटं चाला, मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्के कमी. पण तिथल्या लोकांचा सरासरी बीएमआय ३४. आपल्यात कोण असतं ३४ चं? डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर असाच प्रयोग केला आणि तो २००६ मध्ये छापला. धोका २८.५ टक्के कमी झाला. आणि लक्ष देऊन वाचा: त्यांचं वजन फारसं घटलं नव्हतं! काटा हलला नाही, तरी आत काहीतरी सुधारलं. दोन्ही प्रयोग मधुमेह होण्याआधीच्या लोकांवरचे आहेत, मला तो झालेला आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही सकाळी काट्यावर उभं राहून दिवस खराब करून घेणाऱ्याला हे कळणं मोठी गोष्ट आहे.

मग मी काय करतो? गोळ्या चुकवत नाही, हे पहिलं. दुसरं म्हणजे शतपावली. आजी सांगायची ती. २०१३ मध्ये अमेरिकेत साठी पार केलेल्या दहा जणांवर एक छोटा प्रयोग झाला. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चाललं तर रात्रीच्या जेवणानंतरची साखर एकदम ४५ मिनिटं चालण्यापेक्षा चांगली आटोक्यात राहिली. दहाच माणसं, हे लक्षात ठेवून मी घरच्या ग्लुकोमीटरवर स्वतःवरच टेस्ट केस चालवली. माझ्यावर लागू पडतं. गुडघाही तक्रार करत नाही. माणिकपूरच्या रस्त्याला फूटपाथ नसला तरी इमारतीच्या आवारात चौदा फेऱ्या होतात.

तिसरं, सुकेळं. शून्य ठेवलं की महिन्याच्या शेवटी पूर्ण बांधणी संपते, हा माझा डेटा आहे. म्हणून आता महिन्यातून दोनदा अर्धं सुकेळं, दुपारच्या जेवणाला जोडून, त्या जेवणातली एक पोळी कमी करून आणि नंतर चालून. सगळ्यांसमोर. हे माझ्या डॉक्टरांना सांगून ठरवलेलं आहे. तुम्हाला साखर असेल, आणि विशेषतः इन्सुलिन घेत असाल, तर तुमचा हिशोब तुमच्या डॉक्टरांबरोबरच करा, माझा कॉपी-पेस्ट करू नका. नाहीतर आणखी एक मॅजिक नंबर तयार व्हायचा.

बाबा आता ६९ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी आपला रिपोर्ट स्वतःहून माझ्या रिपोर्टशेजारी टेबलावर ठेवला. त्यांचा एचबीए१सी ७.९, माझा ७.१. "तू जिंकलास," म्हणाले. मग दोघं खाली फेऱ्या मारायला गेलो. त्यांच्या सहा झाल्या.